खुलासा : डीफॉल्ट टेबलस्पेस बदलल्याने जुनी टेबलं हलत नाहीत

महापे-घणसोलीतल्या डेटाबेसवाल्यांच्या ग्रुपवर ओरॅकल या डेटाबेस सॉफ्टवेअरबद्दल एक मेसेज फिरतोय : ‘ओरॅकलमध्ये प्रत्येक स्कीमाची स्वतःची टेबलस्पेस असते, युजरची डीफॉल्ट टेबलस्पेस बदलली की त्याची सगळी टेबलं नव्या डिस्कवर जातात.’ दोन्ही वाक्यं चुकीची आहेत.

स्कीमा म्हणजे मालकी (एका युजरची टेबलं वगैरे), टेबलस्पेस म्हणजे ती टेबलं ठेवायची डेटाफाइलींमधली जागा. डीफॉल्ट टेबलस्पेस म्हणजे वेगळं काही सांगितलं नाही तर नवं टेबल जिथे जातं ती. एका स्कीमाची टेबलं चार टेबलस्पेसमध्ये असू शकतात आणि एकाच टेबलस्पेसमध्ये दहा स्कीमा नांदू शकतात. एकाच टेबलाची पार्टिशन्सही (तुकडेही) वेगवेगळ्या ठिकाणी ठेवता येतात.

काल रात्री घरच्या मशीनवर करून पाहिलं. डीफॉल्ट बदलली, मग ‘डीबीए_सेगमेंट्स’ (कुठल्या टेबलाने कुठे जागा घेतलीय याची ओरॅकलमधली यादी) उघडलं. जुनी टेबलं होती तिथेच, ‘युजर्स’ या आधीच्या टेबलस्पेसमध्ये. नवं टेबल मात्र नव्या जागी गेलं, तेही पहिली रो टाकल्यावरच यादीत दिसलं, कारण ओरॅकलच्या ११.२ आवृत्तीपासून रिकाम्या टेबलाला सहसा सेगमेंटच (प्रत्यक्ष जागाच) मिळत नाही. नव्या टेबलस्पेसवर कोटा (युजरला तिथे किती जागा वापरता येईल ती मर्यादा) आधी वेगळा द्यावा लागला.

जुनं टेबल हलवायचं तर ‘ऑल्टर टेबल मूव्ह’ ही कमांड. साध्या मूव्हनंतर त्याचे इंडेक्स (शोध जलद करणाऱ्या सूची) निकामी होतात, ते रीबिल्ड करा; १२.२ पासूनच्या ऑनलाइन मूव्हमध्ये (टेबल वापरात असतानाच हलवताना) ते शाबूत राहतात. लॉब कॉलमची (मोठा मजकूर, चित्रं वगैरे ठेवणाऱ्या) जागा वेगळी सांगावी लागते, नाहीतर तो मागेच राहतो.

तो मेसेज वाचून जुनी डेटाफाइल काढायच्या तयारीत कुणी असेल, तर कृपया थांबा, आधी ‘डीबीए_सेगमेंट्स’ तपासा. आणि तो मेसेज पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलाय, त्यांना हा खुलासा जरूर द्या.