नाव लावणं आणि नाव राखणं

2025 च्या मे महिन्यात तोक्योच्या काबुकी-झा या काबुकीच्या, म्हणजे जपानच्या पारंपरिक नृत्य-नाट्याच्या, थिएटरात तिसऱ्या मजल्यावर बसून मी एकाच नावाची दोन माणसं पाहिली. मुलगा आठवा ओनोए किकुगोरो झाला होता आणि 82 वर्षांचे वडील सातवे ओनोए किकुगोरोच राहिले होते. एरवी नटांच्या घराण्यात मोठं नाव मुलाकडे गेलं की वडील दुसरं नाव घेतात. इथे दोघांनीही तेच ठेवलं. सोबत अकरा वर्षांच्या नातवाला किकुनोसुके हे नाव मिळालं, जे इतकी वर्षं त्याच्या वडिलांचं होतं.

या नामांतराला जपानीत ‘शूमेइ’ म्हणतात. त्यासाठी खेळाच्या मध्येच एक वेगळा प्रवेश असतो. घराण्यातले आणि बाहेरचे नट ठेवणीतल्या पोशाखात गुडघ्यांवर रांगेने बसतात, डोकं जमिनीला टेकवतात आणि नव्या नावाला सांभाळून घ्या अशी प्रेक्षकांना विनंती करतात. वरच्या मजल्यावरून जाणकार रसिक घराण्याच्या नावाने हाक देतात, ‘ओतोवाया!’ ती हाक पहिल्यांदा कानावर पडली तेव्हा माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

हे सगळं मी घरी जेवायला आलेल्या मित्रमंडळींना सांगत होते, तर एक जण म्हणाला, “म्हणजे घराणेशाहीच ना शेवटी? बापाची खुर्ची पोराला.” तेव्हा पानावर बसून मला नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून आज इथे लिहितेय.

खुर्ची कुणी रिकामी ठेवत नाही. काबुकीत नावं मात्र वर्षानुवर्षं रिकामी राहतात. सहावे किकुगोरो 1949 मध्ये गेले. त्यांचा दत्तक मुलगा बाइको स्वतः नावाजलेला नट होता. त्याने ते नाव शेवटपर्यंत घेतलं नाही. 1973 मध्ये त्याच्या मुलाने घेतलं, तेच हे सातवे. म्हणजे 24 वर्षं नाव घरातच होतं आणि कुणी लावत नव्हतं.

पण खरी गोष्ट मला सांगायचीय ती इचिकावा दान्जुरो या नावाची. काबुकीत याहून मोठं नाव नाही, आणि याच्याइतकं रक्त, अपमान आणि दुःख पाहिलेलं नावही दुसरं नसेल. पहिल्या दान्जुरोला 1704 मध्ये एदोतल्या, म्हणजे जुन्या तोक्योतल्या, नाट्यगृहात एका नटानेच भोसकून मारलं. सातव्याला 1842 मध्ये ऐषारामाचा ठपका ठेवून एदोतून हद्दपार केलं. आठव्याने 1854 मध्ये ओसाकात आत्महत्या केली. नववे दान्जुरो मेइजी काळातले (1868–1912) सगळ्यात गाजलेले नट, 1887 मध्ये खुद्द सम्राटापुढे त्यांचा खेळ झाला. ते 1903 मध्ये गेले तेव्हा मागे मुलगा नव्हता.

होता तो जावई, आणि तो बँकेत नोकरीला. नाटकाच्या घरात जन्मलेला नव्हता, लहानपणापासून तालीम घेतलेला नव्हता. सासरे गेल्यावर काही वर्षांनी, 1910 मध्ये, तो बँक सोडून रंगमंचावर उभा राहिला. ज्या कलेत पोरं पाचव्या-सहाव्या वर्षी तोंडाला रंग लावतात, तिथे हा ऐन तारुण्य बँकेत घालवून आलेला. मोठा नट तो कधीच झाला नाही. पण सातव्या दान्जुरोने घराण्याची म्हणून जी अठरा नाटकं निवडून ठेवली होती, त्यातली कितीतरी विस्मरणात गेली होती. ती या माणसाने एकेक करून परत उभी केली. घर सांभाळलं. दुसऱ्या मोठ्या नटाचा मुलगा दत्तक घेऊन वारस तयार केला. आणि हयातीत दान्जुरो हे नाव एकदाही लावलं नाही. इचिकावा सान्शो म्हणूनच राहिला.

1956 मध्ये तो वारला. त्यानंतर त्या दत्तक मुलाने वडिलांना मरणोत्तर दहावा दान्जुरो केलं, आणि 1962 मध्ये स्वतः अकरावा झाला. म्हणजे तब्बल 59 वर्षं रंगमंचावर दान्जुरो नव्हता. आपल्याकडे ‘नाव लावणं’ वेगळं आणि ‘नाव राखणं’ वेगळं. सान्शोने नाव राखलं. घराणेशाही म्हणणाऱ्या मित्राला मला हा माणूस दाखवायचा होता.

रक्ताचंच म्हणाल, तर मे महिन्यातल्या त्याच दिवशी, दुपारच्या खेळात, ‘मुसुमे दोजोजी’ हे नृत्य तिघांनी मिळून केलं: आठवे किकुगोरो, छोटा किकुनोसुके आणि पंचाहत्तरीचे बान्दो तामासाबुरो. स्त्रीभूमिकांत आज त्यांच्या तोडीचं कुणी नाही. ते नटाच्या घरातले नव्हेत. लहानपणी पोलिओ झाला, पायात बळ यावं म्हणून नाच सुरू केला, पुढे काबुकीच्या घराण्याने दत्तक घेतलं. या नृत्यात एक क्षण असतो. पाठीमागे बसलेला मदतनीस नर्तकीच्या किमोनोचे टाके हळूच ओढून काढतो, नजर हलायच्या आत वरचं वस्त्र गळून पडतं आणि आतून दुसराच रंग झळकतो. तिसऱ्या मजल्यावरून दुर्बिणीतून मी ते दोरे निघताना पाहिले. पोशाख बदलला, माणूस तोच, नाच तोच. शूमेइ म्हणजे काय, हे मला तिथे उमगलं.

एवढं प्रेम असूनही एका जागी माझं मन अडतं. सातव्या किकुगोरोंची मुलगी तेराजिमा शिनोबू. 2010 मध्ये तिला बर्लिनच्या महोत्सवात उत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. तिचा नवरा फ्रेंच. त्यांच्या मुलाला 2023 मध्ये ओनोए माहोरो हे नाव दिलं, आणि ते उत्तमच झालं. पण ज्या बाईच्या पोटी तो जन्मला, तिला ते घर आजही नाव देत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती काबुकी-झाच्या रंगमंचावर आली, तर केवढी मोठी बातमी झाली! काबुकीची सुरुवात 1603 च्या सुमारास ओकुनी नावाच्या एका बाईने केली. 1629 मध्ये सरकारने बायकांना रंगमंचावर बंदी घातली. ते सरकार जाऊन दीडशेहून अधिक वर्षं झाली. बँकवाल्याला दत्तक घेता येतं, बाहेरच्या पोराला घेता येतं, नाव 59 वर्षं थांबवता येतं, एकाच वेळी दोघांना लावता येतं. एवढी लवचीक रीत मुलीपाशीच का ताठ होते? मला हे पटत नाही, आणि परंपरा म्हणून मी ते पटवूनही घेणार नाही.

सान्शोची बायको, म्हणजे नवव्या दान्जुरोंची थोरली मुलगी, नृत्य करायची. तिला सुइसेन हे नाव मिळालं. वडिलांबरोबर ती रंगमंचावर उभी राहिली, तेव्हा तिच्या होणाऱ्या नवऱ्याचा नाटकाशी काहीएक संबंध नव्हता.