ब्ल्यू-रे, धूळ आणि खान्देश : पारोळ्याच्या भाऊंना उत्तर

भाऊ, ब्ल्यू-रे आणि एचडी डीव्हीडी या डीव्हीडीनंतरच्या, जास्त बारकाव्याचं चित्र देणाऱ्या दोन तबकड्यांच्या भांडणावर मी लेख लिहिला होता. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘ब्ल्यू-रेचं चित्र सरस म्हणून ती जिंकली’ हे माझं वाक्य चूक आहे, हा तुमचा पहिला आक्षेप. दुसरा असा, की ‘हाई आपला खान्देशमा कोनी देखं?’ मग त्यावर लिहायचं कशाला?

पहिला मान्य. चित्र दोन्हीकडे 1080 ओळींचंच, तबकडी वाचणारा लेसरही 405 नॅनोमीटरचाच. फरक जागेचा: ब्ल्यू-रेच्या माहितीच्या एका थरात 25 जीबी, एचडी डीव्हीडीच्या थरात 15. निकाल लागला तो स्टुडिओ आणि दुकानांत. 2006 च्या नोव्हेंबरात सोनीनं प्लेस्टेशन 3 मध्येच ब्ल्यू-रे बसवली, त्यामुळे खेळायला घेतलेलं यंत्र आपसूक प्लेअर झालं. 4 जानेवारी 2008 ला वॉर्नर ही सिनेमा कंपनी ब्ल्यू-रेकडे गेली, फेब्रुवारीत वॉलमार्ट ही अमेरिकन दुकानांची साखळी गेली आणि 19 फेब्रुवारीला एचडी डीव्हीडीवाल्या तोशिबानं हात टेकले. आधीच पैसे मोजून एचडी डीव्हीडीचा प्लेअर घेतलेल्यांना निर्णयाआधी कुणी विचारलंही नाही. याचा मला आजही राग येतो. लेखातलं ते वाक्य बदललं आहे.

दुसरा आक्षेप मात्र मुळीच मान्य नाही. त्या वर्षांत मी जळगावात प्लेअर दुरुस्तीच्या दुकानात बसायचो. मोझर बेअर या भारतीय कंपनीच्या 28 रुपयांच्या व्हीसीडी, म्हणजे सिनेमाच्या सीडी, घरोघरी पोचत होत्या. वैशाखात आलेला प्लेअर उघडला की लेन्सवर बारीक पिवळट धूळ. स्पिरिटचा बोळा हलक्या हातानं फिरवला की अडकणारं चित्र सुरळीत. तबकड्या उपरण्याच्या टोकानं गोल गोल पुसलेल्या, म्हणून ओरखडेही गोल, आणि तेच वाईट. पुसायचं ते मधून कडेकडे, सरळ.

आता बघा. सीडीत लेसरला 1.2 मिलिमीटर प्लॅस्टिक ओलांडून माहितीपर्यंत जावं लागतं, डीव्हीडीत 0.6. एचडी डीव्हीडीनं 0.6 च ठेवलं, म्हणून डीव्हीडीच्याच कारखान्यात थोड्या फेरफारानं ती निघायची. ब्ल्यू-रेनं अंतर 0.1 वर आणलं. जागा वाढली ती त्यामुळेच, पण वरचं कवच इतकं पातळ, की जपानमध्ये सुरुवातीच्या तबकड्या डबीत बंद करून विकाव्या लागल्या, यंत्रातही त्या डबीसकटच जायच्या. कठीण लेप सापडला तेव्हा डबी गेली. म्हणजे भांडणाच्या मुळाशी धूळ आणि ओरखडेही होते. ते आपलं नाही, असं मी कसं म्हणू?

तुमच्याकडे अहिराणी गाण्यांच्या व्हीसीडी आहेत, असं तुम्ही शेवटी लिहिलंत. त्यांना धोका वरच्या बाजूनं आहे. चकाकणारा थर लेबलच्या लगेच खाली असतो, तिथे पोपडा निघाला की गाणं गेलं. लेबलवर बॉलपेन टेकवू नका. आणि या दिवाळीच्या आत त्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. संगणकाला जोडायचा सीडी ड्राइव्ह नसेल तर सांगा, माझा पाठवतो.