लॉकरमधल्या फोनला शिफ्ट दिसत नाही

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. हॉटेल लाइनमधल्या मित्रमैत्रिणींनी तरी शेवटपर्यंत वाचा. बाकीच्यांची मर्जी.

सकाळच्या मीटिंगमध्ये पडद्यावर एक आलेख आला. १५ ऑगस्टच्या वीकेंडसाठी आमच्या ड्युट्यांच्या ॲपवर टाकलेल्या ओपन शिफ्टा किती झटपट भरल्या त्याचा. काही तर मिनिटभरात. साहेब खूश. "स्टाफचा उत्साह बघा!" म्हणाले. टाळ्या पडल्या. मी खिडकीबाहेरचा पाऊस बघत बसले, कारण तो उत्साह कुणाचा होता ते मला पक्कं ठाऊक होतं.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. मी हॉटेलात हाउसकीपिंगचं रोस्टर करते, म्हणजे कुणाची ड्युटी कधी ते लावते. पावसाळ्यात गोव्यातली हॉटेलं माणसं कमी करतात. कॅज्युअलवाल्यांना, म्हणजे हंगामापुरत्या घेतलेल्यांना, "ऑक्टोबरात बघू" सांगून घरी पाठवतात. आणि मध्येच असा जोडून सुट्ट्यांचा वीकेंड येतो, मुंबई-पुण्याच्या गाड्यांनी कळंगुटचा रस्ता तुंबतो, हॉटेल फुल्ल आणि रोस्टरला भोकं. कुणाला ताप, कुणाच्या घरी बारसं, कुणी मधेच शिपवर लागलेला. ही भोकं म्हणजे ओपन शिफ्टा. ज्याला जादा ड्युटी हवी त्यानं ती मागायची, आणि कुणीतरी जबाबदार माणसानं हो किंवा नाही म्हणायचं. आमच्याकडे मात्र 'ऑटो अप्रूव्ह' चालू करून ठेवलंय. मागणं नाही, देणं नाही. बटण आधी कोण दाबतो एवढंच. ज्याच्या हाती ससा तो पारधी.

आता मला सांगा, शिफ्टा ॲपवर पडतात कधी? ११ वाजता. का, तर तेव्हा ऑफिसातला साहेबलोक चहा पिऊन मोकळा होतो. आणि हाउसकीपिंगमध्ये ११ वाजता काय चाललेलं असतं? चेक आउट. एकीकडे डिपार्चर रूम्सची रांग, दुसरीकडे फ्रंट ऑफिसचे फोनवर फोन, 'अमुक रूम झाली का, गेस्ट लॉबीत बसलाय'. फ्लोअरवर मोबाइल न्यायला बंदी. नियम आहे, आणि तो बरोबरच आहे. म्हणजे सात वाजल्यापासून चादरी ओढणाऱ्या, बाथरूम घासणाऱ्या बायकांचे फोन त्या वेळी बेसमेंटमधल्या लॉकरमध्ये अंधारात वाजत असतात. शिफ्ट कोण उचलतं? वीकली ऑफला घरी लोळत पडलेला. नाहीतर स्टोअरमध्ये चार्जरशेजारी बसलेला.

म्हणजे जो कामावर आहे तो कामावर असल्यामुळेच हरतो. हा न्याय कुणाच्या सुपीक डोक्यातून आला?

आमच्याकडे एक मावशी आहेत. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. पेडणे तालुक्यातून येतात. पहाटे घर सोडायचं, म्हापशाला बस बदलायची, सात वाजता ट्रॉली हातात. माझ्यापेक्षा कितीतरी आधीपासून या लाइनीत आहेत. बेडशीटचा कोपरा कसा मोडायचा ते मला त्यांनीच शिकवलंय. बाथरूमच्या केमिकलनं त्यांच्या बोटांचे ठसे इतके झिजलेत की हजेरीच्या मशीनला त्यांचा अंगठा पटत नाही. पुसून, फुंकून, साडीला घासून पुन्हा लावतात, मागे रांग खोळंबते, पोरं हसतात. यंदा त्यांच्या घराण्यातल्या गणपतीची पाळी त्यांच्याकडे आहे. ज्यांच्या घरी मूळ घराचा गणपती असतो त्यांना मी काय सांगायला हवं? मूर्ती, माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची आरास), भटजी, पाचही दिवस घरात माणसं, आरतीला आलेल्यांचं चहाफराळ, आणि नेवऱ्यांचा (करंज्यांचा) नारळ काय भावानं मिळतो ते म्हापशाच्या बाजारात जाऊन विचारा. त्यांना दोन-चार जादा ड्युट्या हव्या होत्या. बस्स.

चार वाजता ड्युटी सुटल्यावर त्या लॉकर उघडतात, चष्मा लावतात, ॲप उघडतात. आज मी खाली गेले तेव्हा त्या तशाच उभ्या होत्या. फोनच्या प्लास्टिकच्या कव्हरात घडी घातलेलं बसचं तिकीट, पडद्यावर करडं झालेलं बटण. मला म्हणाल्या, "बाय, ह्यां बटण माज्या फोनार चलना मगो. फोन बिघडलो काय?"

फोन नाही हो बिघडलेला मावशी.

हे ऐकल्यापासून माझं टाळकं सटकलंय. त्या बाईला वाटतंय, दोष तिच्या फोनचा आहे!

आता कमेंटमध्ये कुणीतरी येईल आणि म्हणेल, ॲपच्या आधी काय रामराज्य होतं का? नव्हतं. मान्य. सुपरवायझर आपल्या गावच्याला डबल द्यायचा, पावसात कुणी घरचे खुबे (शिंपले) आणून दिले की त्याची पुढच्या महिन्याची नाइट माफ. जादा तासांचा हिशोब तर वहीच्या मागच्या पानावर, तोही पेन्सिलीनं. आता निदान नोंद राहते, पगाराच्या वेळी हुज्जत घालता येते. हे ॲपनं चांगलं केलं. लिहिलं एकदा, पुन्हा लिहिणार नाही.

पण वशिला संपवायचा म्हणून विचारच संपवायचा?

ओपन शिफ्टची मागणी आली की डोक्यात काय काय यायला हवं ते रोस्टर करणाऱ्यालाच कळतं. हा माणूस काल रात्री किती वाजता सुटला? याला तो फ्लोअर ठाऊक आहे का? लॉन्ड्रीतल्या नाइटला मशीन कळणारा माणूस लागतो, नुसते हातपाय असून भागत नाही. दोन ते अकरा बाई राहिली तर घरी कशी जाणार? आमची गाडी म्हापशापर्यंत सोडते. त्यापुढे रात्री पेडण्याला काय आहे? ॲप यातलं काय विचारतं? काही नाही.

आमच्याकडे एक पोरगा आहे, तेवीस-चोवीस वर्षांचा, चांगला मुलगा. बाइकचा हप्ता आहे, घरी बहिणीचं शिक्षण. तो ऑफच्या दिवशी फोन हातात धरूनच बसतो आणि दिसेल ती शिफ्ट दाबतो. या वीकेंडला त्यानं घेतलेल्या शिफ्टा मी ओळीनं लावून बघितल्या. रात्री अकराला सुटणार आणि सकाळी सातला परत हजर, लागोपाठ. घरी जाणं-येणं, आंघोळ, जेवण धरा आणि सांगा, झोपणार कधी? मग तो स्टाफ रूममध्ये बाकावर पडतो, आणि पहाटे ओल्या रस्त्यावरून पर्वरीच्या बाजूला बाइक मारतो. ॲपनं त्याला सगळ्या दिल्या. हिरवी टिकली, अभिनंदनाचा मेसेज. माझा त्याच्यावर राग नाही. त्याला नाही म्हणणारं कुणी ठेवलं नाही, त्यांच्यावर राग आहे.

कायद्याचंही एकदा बोलू. जादा तासाला दुप्पट मजुरी ही काही मालकाची मेहेरबानी नाही. कारखान्यांसाठी ती १९४८ च्या कायद्यातच लिहिलेली होती, आठवड्याला ४८ तासांच्या मर्यादेसकट. आमच्यासारख्या हॉटेलांना गोवा, दमण आणि दीवचा १९७३ चा दुकाने व आस्थापना कायदा आला. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, वेतन संहितेतही जादा कामाचा दर दुपटीपेक्षा कमी नाही. दुप्पट का ठेवली? माणसाला जास्त राबवणं मालकाच्या खिशाला झोंबावं म्हणून. माणसं कमी ठेवायची, भोकं पडू द्यायची, आणि ती भोकं बुजवायला धडपडणाऱ्यांना 'उत्साही स्टाफ' म्हणायचं! तो आलेख मला त्यामुळेच सहन झाला नाही. तो उत्साहाचा नव्हता, कमी माणसांचा होता.

असो. चहा घेऊन आले. जरा शांत झालेय.

मी लाइनीत नवीन होते तेव्हा आमच्या डिपार्टमेंटला साळगावची एक सिनियर होती. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, तोंडावर आली की ती स्वतः रोस्टरच्या फळ्यासमोर उभी राहायची आणि म्हणायची, "चवथीक तूं वच, नाताळाक म्हाका सोड." झालं. चवथीला आम्ही सगळ्या घरी, ख्रिश्चन मंडळी डबलवर. २४ आणि २५ डिसेंबरला ती मंडळी घरी, आम्ही डबलवर. जुन्या गोव्याचं फेस्त ३ डिसेंबरला, तेव्हाही तसंच. शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेला धोंडांचं, म्हणजे तिच्या भक्तांचं, व्रत असतं, ती पोरं गायब होणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक, त्यांच्या जागा कुणी न सांगता भरलेल्या. कुठलं ॲप नव्हतं की बटण नव्हतं. आठवलं की अजून बरं वाटतं.

पण खरं सांगायचं तर तेव्हा सगळी आजूबाजूच्या गावचीच होती. आता अर्धं डिपार्टमेंट ओडिशा, कर्नाटक, नेपाळ, ईशान्येकडचं. त्यांच्या दुर्गापूजेला, नेपाळ्यांच्या दसैंला (दसऱ्याला) अदलाबदल कोण करणार? आमच्या तोंडी हिशोबात ती पोरं कधीच नव्हती. म्हणून काहीतरी लिखित पद्धत हवी हे मलाही कळतं. माझं भांडण पद्धतीशी नाही, शर्यतीशी आहे.

परत आजच्यावर येते, कारण खरी गंमत पुढेच आहे. मी त्या बाइकवाल्या पोराला फोन केला. म्हटलं, बाबा, रविवारची सोड, मावशींना देऊ. पोरगा गुणी, एका शब्दात म्हणाला, "सोडतो मॅडम, त्यांना द्या." त्यानं सोडली. ॲपनं ती शिफ्ट लगेच पुन्हा सगळ्यांना दाखवली. मी मावशींना सांगायला जिना उतरून खाली जाईपर्यंत लिननमधल्या एकानं ती उचललीसुद्धा! मावशी चष्मा लावून उभ्याच.

त्याला गाठलं. म्हटलं, ही मी मावशींसाठी सोडवून घेतली होती. तो म्हणाला, "मी नाही घेतली मॅडम, ॲपनं दिली."

बघा. साहेबांना विचारा, ते म्हणतील ॲपनं दिली. एचआरला विचारा, ॲपनं दिली. कुणी घेतली नाही, कुणी दिली नाही, आणि मावशींना मिळाली नाही हे कुणाच्याच डोक्यावर नाही. वशिल्याच्या काळात निदान शिव्या कुणाला घालायच्या ते माहीत होतं!

एचआरच्या बाईंशी संध्याकाळी बोलले. चांगल्या आहेत, ऐकून घेतात. म्हणाल्या, माणसानं ठरवायचं म्हटलं की पक्षपात आला, उद्या तुझ्यावरच आरोप होईल. होऊ दे की! पगार कशाचा घेते मी? माझं म्हणणं साधं आहे. शिफ्ट ११ ला टाकू नका. सकाळी सातच्या आणि दुपारी दोनच्या ब्रीफिंगला तोंडानं सांगा, जे ऑफला असतील त्यांच्यासाठी ॲपवर ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मागण्या येऊ द्या. मग बसून बघा, या महिन्यात कुणाला काहीच मिळालेलं नाही, कुणाची झोप झालेली नाही, कुणाला ते काम येतं, कुणाला गाडी आहे. आणि ज्याला नाही म्हटलं त्याला बोलावून कारण सांगा. मेसेजनं नाही, समोर. आयत्या वेळी कुणी आजारी पडला तर एवढा वेळ नसतो, तेव्हा जो हाताला लागेल त्याला घ्यावं लागतं, ते ठीक. पण १५ ऑगस्ट काय आयत्या वेळी उगवतो?

त्या म्हणाल्या, यात वेळ जातो. जातो! रोस्टर करणं म्हणजे वेळ घालवणंच असतं. नाहीतर मला घरी बसवा आणि ॲपलाच युनिफॉर्म शिवा.

मावशींचं म्हणाल तर त्या काही बोलल्या नाहीत. "ऱ्हांव दी गो," म्हणाल्या, छत्री घेतली आणि बस पकडायला गेल्या. मलाच वाईट वाटू नये म्हणून वर हसल्यासुद्धा. मला ते हसू जास्त लागलं. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. आपल्याकडची ही पिढी मागतच नाही, आणि आपण म्हणतो, त्यांना नकोच असेल.

तर माझ्या डिपार्टमेंटचं ऑटो अप्रूव्ह मी मघाशीच बंद केलंय. सेटिंगचा अधिकार माझ्याकडे आहे, कुणाला विचारायची गरज नव्हती, विचारलंही नाही. आलेख आता सुस्त होईल. मीटिंगमध्ये विचारतील, तेव्हा सांगेन.

आणि माझ्या स्टाफपैकी जे हे वाचताहेत त्यांच्यासाठी: शनिवारच्या दुपारच्या दोन शिफ्टा अजून रिकाम्या आहेत. उद्या सातच्या ब्रीफिंगला सगळ्यांसमोर सांगणार आहे, परवा संध्याकाळी ठरवेन. आत्ता मला इनबॉक्समध्ये 'मॅडम मी' असे मेसेज टाकू नका. तीन आलेत आधीच, उत्तर देणार नाही.