सेंट जॉर्ज आणि उत्तेजनार्थ डबा

गणपती गावाला जाऊन आठवडा झाला, पण तो डबा अजून आमच्या ओट्यावर आहे. चौकोनी, प्लॅस्टिकचा, निळ्या झाकणाचा. झाकणावरची चिठ्ठी मी नखानं खरवडून काढायचा प्रयत्न केला, पण ती अर्धीच निघाली. आता तिच्यावर फक्त ‘उत्तेजना’ उरलंय. बायकोनं त्यात दाण्याचं कूट भरून ठेवलंय आणि आमच्याकडं दाण्याच्या कुटाशिवाय काकडीसुद्धा पोटात जात नाही. त्यामुळे दिवसातून दोनदा तरी हे दर्शन चुकत नाही.

डबा मला सोसायटीच्या बुद्धिबळ स्पर्धेत मिळाला. वय वर्षं सत्तेचाळीस. दुसरं उत्तेजनार्थ बक्षीस ज्या मुलीला मिळालं ती पहिलीत आहे. फोटोत आम्ही दोघं शेजारी उभे आहोत. तिचे पुढचे दोन दात नाहीत आणि तरी ती माझ्यापेक्षा बरी हसतेय.

आता मूळ प्रकरण. पांढऱ्यानं राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं, म्हणजे इ-४ (उभी रांग इ, आडवी रांग चौथी) खेळला, की काळ्यानं काय करावं यावर कपाटं भरतील इतकी पुस्तकं आहेत. सिसिलियन खेळा, फ्रेंच खेळा, कारो-कान खेळा, नाहीतर सरळ इ-५ खेळून मोकळे व्हा. सेंट जॉर्ज बचाववाला यातलं काहीच करत नाही. तो वजिराकडच्या हत्तीपुढचं, पार कोपऱ्यातलं प्यादं एकच घर सरकवतो. ए-६. बस्स. बघणाऱ्याला वाटतं, माणूस पटावरची धूळ झटकत होता आणि बोट लागलं. पुढच्या चालीला बी-५, मग उंट बी-७ वर. तिथून तो तिरक्या डोळ्यानं इ-४ च्या प्याद्याकडं बघत बसतो. पटाचा मधला भाग समोरच्याला खुशाल देऊन टाकायचा आणि डोंगरावरून त्याच्या रसदीवर डोळा ठेवायचा, असा एकूण गनिमी कावा आहे.

तीन आठवडे मी यावर घासली. दोनशेपानी वही केली. रात्री अकरानंतर कॉम्प्युटरच्या इंजिनासमोर बसायचो. इंजिन या बचावाला फारशी किंमत देत नाही. पहिल्याच चालीनंतर ते पांढऱ्याला अर्ध्या प्याद्याहून जास्त आघाडी दाखवतं. पण माझा प्रतिस्पर्धी इंजिन नव्हता, सी विंगमधलं कुणीतरी असणार होतं. पांढऱ्यानं सी-४ खेळून बी-५ च्या प्याद्यावरच घाव घातला तर काय, ए-४ नं ढोसलं तर काय, सगळं लाल-निळ्या पेनानं लिहून काढलं. दहावीला इतकं केलं असतं तर आज सोसायटीच्या स्पर्धा खेळायला वेळच मिळाला नसता.

आणि हा काही माझ्या डोक्यातला किडा नव्हे. 1868 साली लंडनमध्ये स्टाइनिट्झ एकाच वेळी अनेकांशी खेळत होता. पुढे अधिकृत जगज्जेता झाला तो हाच. बेकर नावाच्या एका हौशी माणसानं त्याच्याशी ए-६ खेळून डाव जिंकला. मग 1980. स्वीडनमधलं स्कारा, युरोपियन सांघिक स्पर्धा, पांढऱ्याकडून तेव्हाचा जगज्जेता अनातोली कार्पोव्ह, काळ्याकडून इंग्लंडचा टोनी माइल्स. कार्पोव्ह इ-४ खेळला, माइल्स ए-६. बघणारे हसले म्हणे. विसाव्या चालीला कार्पोव्हच्या उंटानं एच-७ वर रुबाबात शह दिला, काळा राजा कोपऱ्यात सरकला आणि पुढच्याच चालीला तो उंट मुकाट्यानं बी-१ वर, थेट आपल्या घरच्या पट्टीत येऊन बसला. नंतर माइल्सच्या वजिरानं आधी बी-२ चं आणि लगेच इ-५ चं प्यादं मटकावलं. सेहेचाळीस चालींत जगज्जेता खलास. माइल्स बर्मिंगहॅमचा, म्हणून याला बर्मिंगहॅम बचाव असंही म्हणतात. हेच एखादा डोंबिवलीकर खेळला असता तर डोंबिवली बचाव म्हणाले असते का? ‘गडबडीत खेळला, त्याला सात-बावन्नची फास्ट पकडायची होती’ असं म्हणाले असते.

तर स्पर्धा. मांडवात एका बाजूला पाककला, दुसऱ्या बाजूला बुद्धिबळ. प्रत्येकी पंधरा मिनिटं, घड्याळ मोबाइलवरचं. गुकेश जगज्जेता झाला आणि पाठोपाठ नागपूरच्या दिव्या देशमुखनं महिला विश्वचषक आणला, तेव्हापासून आमच्या लिफ्टमध्ये बुद्धिबळाच्या क्लासच्या तीन-तीन जाहिराती आहेत. त्यामुळे गर्दी बेताल. माझ्यासमोर सी विंगची सानिका, अकरावीतली. शांत मुलगी. तिनं नमस्कार केला, इ-४ खेळली, घड्याळ दाबलं.

मी ए-६ खेळलो.

“अरेरे,” पाठीमागून आवाज आला.

नाना. बी विंग, तळमजला, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, सांस्कृतिक समितीचे तहहयात अध्यक्ष. एका हातात मोदकाच्या नमुन्यांचं ताट, कारण पाककलेचे परीक्षकही तेच.

“हात लागला वाटतं,” नाना म्हणाले.

“नाही नाना, खेळलोय.”

“असू दे, असू दे. होतं असं.” आणि सानिकाकडं वळून, “बाळा, काकांना घेऊ दे गं परत. पहिलीच चाल आहे. आपल्याकडं काही पैसे नाही लागलेले.”

“माझी काही हरकत नाही,” सानिका म्हणाली. मुलीला संस्कार चांगले आहेत, हीच अडचण.

“मला परत घ्यायची नाहीये. मी मुद्दाम खेळलोय.”

“मुद्दाम?” नानांनी चष्मा कपाळावर सरकवला. समोर कालवा फुटलाय आणि कंत्राटदार म्हणतोय मुद्दाम फोडला, तेव्हा खात्यात त्यांचा चेहरा असाच होत असणार. “अहो, धरणाचा पत्ता नाही आणि तुम्ही शिवेवर पाणपोई बांधताय. मधलं प्यादं काढा, मधलं!”

“नाना, हा एक बचाव आहे. सेंट जॉर्ज डिफेन्स म्हणतात.”

“सेंट जॉर्ज?” नानांचा चेहरा उजळला. “व्हीटीजवळचं? आमच्या मेव्हण्याचं हर्नियाचं ऑपरेशन तिथंच झालं. एकोणनव्वद साली. उत्तम झालं! अजून सायकल चालवतो.”

“ते नाही. इंग्लंडचा संत. भाला घेऊन राक्षसी सापाला मारतो तो.”

“मग भाला कुठाय?” नाना पटावर वाकले. “हे तर कोपऱ्यातलं प्यादं.”

याला काय उत्तर देणार! मी तरी दिलं, हीच चूक. कार्पोव्ह सांगितला, स्कारा सांगितलं, माइल्सचं नाव घेतलं. नाना सगळं मान हलवत ऐकत होते. रुग्ण भ्रमात बोलत असताना नातेवाईक हलवतात तशी मान. मग ताटातला एक मोदक माझ्यापुढं धरून म्हणाले, “खा. उपाशीपोटी डोकं चालत नाही. आणि एक सांगू का? आमच्या लहानपणी देशी खेळात प्यादं एकच घर चालायचं. तेव्हा ठीक होतं. आता पहिल्या चालीला दोन घरं चालायची सवलत आहे. सवलत आहे तर माणसानं घ्यावी!”

सवलत! मंजूर होऊन आली होती, मी अर्जच केला नाही. आजूबाजूला सहा-सात जण जमले होते आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर तीच करुणा. एकजण तर हळूच म्हणाला, “पहिल्यांदाच खेळताहेत का?”

खरं म्हणजे नाना नकळत फार मोठी गोष्ट बोलून गेले होते आणि त्यावर मला मांडवातच व्याख्यान द्यावंसं वाटत होतं. एकोणिसाव्या शतकात कलकत्त्यात मोहेशचंद्र बॅनर्जी नावाचे एक खेळाडू जॉन कॉक्रन या स्कॉटिश वकिलाशी शेकडो डाव खेळले. हात देशी खेळावर बसलेला, त्यामुळे मोहेशचंद्रांची प्यादी घर-घर मोजत सरकायची आणि उंट कडेनं बाहेर पडायचा. कॉक्रननं ते डाव विलायतेत छापायला पाठवले. आज जगभर किंग्ज इंडियन, क्वीन्स इंडियन, निम्झो इंडियन बचाव म्हणून जे काही चालतं, त्यातलं ‘इंडियन’ या गृहस्थांच्या खेळावरून आलेलं. ग्रुनफेल्ड नावाचा खेळाडू ज्या बचावाला स्वतःचं नाव लावून बसला, तोही मोहेशचंद्र 1855 सालीच खेळून गेले होते. म्हणजे प्यादं एक घर सरकवण्यावर अख्ख्या जगानं आपल्या देशाचं नाव लावलं, आणि त्याच देशात, भर मांडवात, मी प्यादं एक घर सरकवलं तर मला मोदक भरवून शुद्धीवर आणायचा प्रयत्न होतो.

तेवढ्यात सानिका म्हणाली, “काका, घड्याळ.”

मी घड्याळ दाबलंच नव्हतं. सेंट जॉर्ज, हर्निया, पाणपोई, सवलत, सगळं माझ्या वेळेत. तीन आठवडे पाठ केलेल्या चालीवर माझी चार मिनिटं दहा सेकंद गेली होती.

माइल्सचा आणखी एक किस्सा मला तेव्हा आठवला. 1985 साली हॉलंडमधल्या टिलबर्गच्या स्पर्धेत त्याची पाठ इतकी दुखत होती की तो मसाज टेबलावर पालथा पडून डाव खेळला. बाकीच्या खेळाडूंनी तक्रारी केल्या, तरी गडी पहिल्या क्रमांकात वाटेकरी झाला. आमच्या मांडवातल्या खुर्च्या बघता मलाही पालथं पडायला आवडलं असतं. माझ्या खुर्चीचा एक पाय आत वळत होता, म्हणून मी पूर्ण डाव एका कुल्ल्यावर खेळलो. पण मी पालथा पडलो असतो तर नानांनी रुग्णवाहिका बोलावली असती. आणि ती बहुतेक सेंट जॉर्जलाच पाठवली असती.

डाव मात्र छान चालला होता, हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं म्हणून मीच लिहितो. सानिकानं घोडा सी-३ वर आणला. मी उंटाची वाट मोकळी ठेवून इ-६ खेळलो. तिनं उंट इ-२ वर घेतला आणि मी बी-४ नं घोड्याला ढकललं. घोडा कडेला पळाला, इ-४ चं प्यादं उघडं पडलं आणि माझ्या उंटानं ते उचललं. वहीच्या एकोणिसाव्या पानावर, लाल पेनानं, हेच होतं! मी मागं वळून पाहिलं. नाना पाककलेच्या टेबलावर उकडीच्या पाकळ्या मोजत होते. अशा वेळी हा माणूस जाग्यावर नसतो.

पंचविसाव्या चालीला माझी दोन प्यादी जास्त होती. पस्तिसाव्या चालीला वजीर, हत्ती सगळे उतरले आणि माझं एक प्यादं वजीर व्हायला तीन घरं लांब होतं. कुठलं? ए-चं. तेच, कोपऱ्यातलं, पाणपोईचं. आणि माझ्या घड्याळात अकरा सेकंद होते.

दहा. नऊ. मी प्यादं सरकवलं, घड्याळ दाबलं. सानिका लगेच खेळली. मी सरकवलं. शेवटच्या घराकडं हात नेला तोच आरतीचा स्पीकर सुरू झाला, मी दचकलो, आणि मोबाइलवरचं माझं अर्धं लाल झालं.

नाना आरतीचं ताट घेऊन आले. पट पाहिला, लाल घड्याळ पाहिलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. “तरी म्हणत होतो,” ते हळूच म्हणाले, “पहिलीच चाल परत घ्यायला हवी होती.”

चीड येते ती इथंच. माणूस खवचट असता तर भांडता आलं असतं. नाना खवचट नाहीत. त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं आणि त्याच वाईट वाटण्यातून त्यांनी समितीत शब्द टाकून तो डबा मिळवला. बक्षीस समारंभात माइकवरून म्हणाले, “वय झालं तरी शिकण्याची उमेद! या वर्षी यांनी प्यादी हलवली, पुढच्या वर्षी घोडा हलवतील!” टाळ्या पडल्या. माझ्या बायकोनंही वाजवल्या. ती म्हणते, सगळे वाजवत होते म्हणून वाजवल्या. मी विचारतो, सगळे विहिरीत उडी मारत असते तर? ती म्हणते, डबा हवाबंद आहे, कूट मऊ पडत नाही. तीन आठवडे, दोनशेपानी वही, कार्पोव्ह, कलकत्ता, आणि हिशेब शेवटी हवाबंदपणावर मिटतो.

काल संध्याकाळी लिफ्टमध्ये सानिका भेटली. “काका,” ती म्हणाली, “मी तो डाव घरी लावून पाहिला. तुम्ही जिंकत होतात. आणि ते ए-६ मला शिकवाल का?”

मला इतकं भरून आलं की बोलताच येईना. मागं कोपऱ्यात दुधाची पिशवी घेऊन नाना उभे होते, हे मी पाहिलंच नव्हतं.

“अगं वेडे,” नाना प्रेमानं म्हणाले, “जिंकत असते तर डबा कसा मिळाला असता?”

लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली. मी पाचव्यावर राहतो. तरी उतरलो.