रेटिंग वाढवायचंय? मग डाव बघू नका

बुद्धिबळात पुढे जायचं असेल तर सगळ्यात आधी एखाद्या स्पर्धेची एंट्री फी भरून टाका. पैसे भरले की अर्धी प्रगती झालीच, तयारीचं नंतर बघता येतं. आदल्या रात्री मात्र सराफ्याच्या खाऊगल्लीत जाऊन गराडू आणि रबडी झालीच पाहिजे. इंदूरच्या माणसाने रिकाम्या पोटी सिसिलियन ओपनिंगने डाव सुरू करू नये. झोपायला दीड वाजला तरी हरकत नाही. सकाळी पोह्यांवर जिरावण मसाला दोन चिमटी जास्त टाकलं की डोकं आपोआप उघडतं.

समोर अकरा वर्षांचा मुलगा येईल, खुर्चीवरून त्याचे पाय जमिनीला टेकत नसतील. त्याला 'बेटा, कौनसी क्लास में हो?' असं जरूर विचारा, म्हणजे दबाव येतो. कोणावर येतो ते दुपारपर्यंत कळेल. मग घोडा उचला, हवेत धरून नीट विचार करा आणि परत जागेवर ठेवा. तो मान वर न करता म्हणेल, "अंकल, टच मूव्ह." हात लावला की खेळायचंच, नुसती सोंगटी सरळ करायची असेल तर आधी तसं सांगायचं, हा नियम तुम्हाला ठाऊक असतोच. घोडा हातात असेपर्यंत आठवत नाही, एवढंच.

प्रत्येक खेळीला तीस सेकंद वाढून मिळत असतील तर शेवटपर्यंत खेळ्या लिहाव्या लागतात. विसाव्या खेळीपासून अक्षर असं काढा की घरी गेल्यावर उंट कुठला नि हत्ती कुठला, तुम्हालाही ओळखू येऊ नये. हे फार महत्त्वाचं, कारण पुढची पायरी डाव तपासण्याची आहे.

ती अशी. पट मांडू नका. थेट स्टॉकफिश हे बुद्धिबळाचं इंजिन उघडा. माझाच डाव घ्या. पांढऱ्याकडे हत्ती आणि एक प्यादं, माझ्याकडे नुसता हत्ती, म्हणजे रूक. ही बरोबरी फ्रेंच खेळाडू फिलिडोरने अठराव्या शतकातच दाखवून ठेवली आहे: काळ्याने हत्ती सहाव्या ओळीवर ठेवून पांढऱ्या राजाची वाट अडवायची, प्यादं सहावीवर आलं की हत्ती पहिल्या ओळीवर न्यायचा आणि मागून शह देत राहायचं. मी घाईने हत्ती आधीच खाली नेला. त्याचा राजा सहावीवर येऊन बसला आणि उरलंसुरलं पुढच्या आठ खेळ्यांत मी स्वतः घालवलं. इंजिनवर आधी शून्य, म्हणजे बरोबरी, दिसलं, नंतर भलामोठा आकडा. असं का झालं, हे अजिबात विचारू नका. शून्य दिसतं तिथला स्क्रीनशॉट काढा आणि घरच्या ग्रुपवर टाका, 'बरोबरीत होता डाव'. जगज्जेता बॉट्विनिक म्हणायचा, आपल्या डावांचं विश्लेषण करून छापा, लोक चुका दाखवतील. त्याला आत्येभावांचा ग्रुप नव्हता.

आणि साठाव्या खेळीला हरलात तर दोष नेहमी चौथ्या खेळीचा. नवा ओपनिंग कोर्स घ्या.

कोडी रोज सोडवायची, फोनवर, कुकरच्या शिट्ट्या मोजताना. पहिला दिसेल तो शह ठोकायचा, चुकलं तर पुढचं कोडं. कोड्यात काहीतरी दडलंय हे आधीच माहीत असतं, डावात अशी पाटी कोणी लावत नाही. पण तो डावाचा दोष. कोड्यांचं रेटिंग 2100 झालं की लग्नकार्यात तेच सांगा.

खऱ्या रेटिंगसाठी धीर धरा. मार्च 2024 मध्ये फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने किमान रेटिंग 1000 वरून 1400 केलं आणि 2000 च्या खालच्यांना एकदाच वाढवून दिलं. माझे 1250 होते, एका रात्रीत 1550 झाले. आयुष्यातली माझी ही सर्वांत मोठी झेप, आणि तिच्यात माझा वाटा एवढाच की त्या दिवशी मी खेळत नव्हतो.

शेवटची सूचना. डाव संपल्यावर तो मुलगा बाहेर बाकावर पट उघडेल, वडिलांनी पुढे केलेला डबा बाजूला सारून नेमकी तीच स्थिती मांडेल आणि तुम्हाला हाक मारेल, "अंकल, आप रूक नीचे क्यों ले गए?" अशा वेळी घड्याळाकडे बघा. पुढच्या राउंडला दोन तास आहेत. तरी त्याला म्हणा, "बेटा, कचोरी ठंडी हो रही है."