उंदीर पुरेसा का नाही?

‘उंदरांवर प्रयोग होत असताना डुकरे कशाला?’ हा डुकरांवरील प्रयोगांविषयीच्या तुमच्या लेखातील प्रश्न रास्त असला, तरी ड्यूशेन स्नायुक्षय या स्नायू झिजत जाणाऱ्या आनुवंशिक आजारापुरते त्याचे उत्तर देता येते. १९८४ मध्ये वर्णन झालेल्या ‘एमडीएक्स’ या प्रयोगशाळेतील उंदराच्या जातीत, या आजाराच्या रुग्णांप्रमाणेच, स्नायूंना टिकवून धरणारे डिस्ट्रोफिन हे प्रथिन नसते. तरीही तो बऱ्यापैकी हिंडतो-फिरतो, कारण त्याचे झिजलेले स्नायू पुन्हा भरून येतात. उलट म्युनिकच्या संशोधकांनी २०१३ मध्ये डिस्ट्रोफिनच्या जनुकातील ५२वा एक्सॉन (प्रथिनाची संहिता असलेला जनुकाचा तुकडा) वगळून जन्माला घातलेली डुकरे फार तर तीन महिने जगली.

मला मोलाचा वाटतो तो पुढचा हिशेब. ५२व्या एक्सॉनमध्ये डीएनएची ११८ अक्षरे असतात आणि ती गेल्यावर तीन-तीनच्या गटांनी वाचली जाणारी संहिता विस्कटते. मात्र शेजारचा २३३ अक्षरांचा ५१वाही कापला, की एकूण ३५१ अक्षरे जातात, तिनाने नि:शेष भाग जातो आणि आखूड का होईना, पण कामापुरते डिस्ट्रोफिन तयार होते. २०२० मध्ये जनुक-कात्रीने (डीएनए हव्या त्या जागी कापणाऱ्या ‘क्रिस्पर’ तंत्राने) नेमके हेच केल्यावर त्या डुकरांचे आयुष्य वाढले. अर्थात, अशा अल्पायुषी पिल्लांच्या वेदनांचा मुद्दा त्यामुळे निकालात निघत नाही. लेखात तो दोन ओळींत उरकला आहे, हे मात्र खटकले.