अंदमानात अकरा म्हणजे उशीर

"मुलं मोठी आहेत, तेव्हा हॅवलॉकला सकाळची घाई नको, अकराला आरामात बाहेर पडा" हा अंदमानच्या हॅवलॉक बेटाच्या सहलीवरच्या लेखातला सल्ला अजिबात पटला नाही. अंदमान आपल्यापेक्षा कितीतरी पूर्वेला, जवळपास ९३ रेखांशावर. पण घड्याळ मात्र आपलंच. डिसेंबरात पावणेसहाच्या आतच सूर्य वर येतो आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास मावळतोसुद्धा. अकराला निघून, वाटेत खाऊन-पिऊन राधानगरच्या किनाऱ्यावर पोचलात की उरलं काय? एलिफंट बीचच्या बोटीही सकाळीच पकडाव्या लागतात. आमच्या दहावीतल्या कन्येला सुट्टीत सहाला उठवणं म्हणजे रणकंदन होतं, पण निळ्या पाण्यात मासे दिसल्यावर दुसऱ्या दिवशी तीच आधी तयार होती. (परतल्यावर पुन्हा दहा वाजेपर्यंत लोळणं सुरू, ते वेगळं.)

आणि त्या लेखात स्कूबाबद्दल (हवेची टाकी लावून पाण्याखाली जाणं) एवढं लिहिलंय, पण महत्त्वाचं राहिलं: डुबकी मारल्यावर लगेच विमानात बसायचं नसतं. एकच डुबकी असेल तर किमान १२ तास, जास्त असतील तर १८ तास थांबायला सांगतात. त्यामुळे "शेवटच्या दिवशी सकाळी स्कूबा, दुपारी विमान" असला बेत आखूच नका. हे जमत नसेल तर सरळ मालवण-तारकर्ली गाठा. पाणी अंदमानइतकं नितळ नाही, हे खरंच. पण परतीला कुडाळहून रेल्वे आहे आणि डिसेंबरातही सूर्य सहानंतर मावळतो, उशिरा उठणाऱ्यांची सोय!